नावे पडलेले अकरा दिवस

चूक करणं हा मनुष्यधर्म आहे असं म्हणतात. असेल. पण झालेली चूक दुरुस्त करून घेणं हा कोणता धर्म, ते मात्र कुणी सांगत नाही. माझ्या मते ते तप आहे. पूर्वी लोक त्यासाठी हिमालयात जात. हल्ली तीन प्रतींत अर्ज करतात.

हे मी अधिकारानं बोलतोय, कारण मी बँकेत कारकून आहे. गेली बावीस वर्षं काउंटरच्या आतल्या बाजूला बसून मी लोकांना 'सही जुळत नाही', 'नावात एक काना जास्त आहे', 'झेरॉक्स नको, मूळ प्रत आणा' अशी वाक्यं ऐकवीत आलो आहे. या वाक्यांना आमच्याकडे ग्राहकसेवा म्हणतात. काउंटरच्या बाहेर उभं राहिल्यावर हीच वाक्यं कशी ऐकू येतात, हे कळायला मला तात्यांची पेन्शन उपयोगी पडली.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. मुक्काम पोस्ट देवबाग, तालुका मालवण. वय शहाऐंशी उलटलेलं, पाठ अजून ताठ. देवबाग ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो : मालवणहून तारकर्ली ओलांडून पुढं गेलं की जमीन निमुळती होत जाते. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माड, घरं आणि आता पर्यटकांसाठी बांधलेल्या खोल्या. पट्टी इतकी अरुंद, की समुद्राकडच्या माणसानं शिंक दिली तर नदीकडचा माणूस 'सत्य आहे' म्हणतो. टोकाला गेलं की नदी आणि समुद्र एकमेकांना भेटतात. दर पावसाळ्यात समुद्र या पट्टीतली थोडी थोडी जमीन मागून नेतो. त्याला अर्ज करावा लागत नाही.

तर या गावातून तात्या १९५७ साली, वयाच्या अठराव्या वर्षी फौजेत भरती झाले. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिकरोडला, आणि जवानाचा जन्मभराचा हिशेब ठेवणारी ज्याची त्याची रेकॉर्ड कचेरी निराळी. तात्या यांपैकी कुठं होते की आणखी कुठं, हे मी सांगणार नाही. बँकेत लागताना मी गुप्ततेच्या कागदावर सही केली आहे आणि इतक्या वर्षांत ती मोडण्याची संधी कुणी दिलेली नाही.

तात्या नुसते माजी सैनिक नाहीत, रिझर्व्हिस्ट आहेत. हा प्रकार आजच्या पिढीला माहीत नसतो. त्या काळी जवान भरती झाला की आधी काही वर्षं 'कलर सर्व्हिस', म्हणजे प्रत्यक्ष पलटणीत. नंतर काही वर्षं 'रिझर्व्ह', म्हणजे घरी जायचं, शेती करायची, मासे मारायचे, पण सरकारची हाक आली की होतं ते टाकून हजर व्हायचं. तात्यांची सात वर्षं पलटणीत आणि आठ वर्षं रिझर्व्हमध्ये. अशी दोन्ही मिळून पंधरा भरली की रिझर्व्हिस्ट पेन्शन. मी बी.कॉम. असल्यामुळं ही गोष्ट मला अशी समजते : सात वर्षं चालू खातं, आठ वर्षं मुदत ठेव, आणि ही ठेव सरकार मुदतीआधी केव्हाही मोडू शकतं.

दर नोव्हेंबरात तात्या आमच्या शाखेत हयातीचा दाखला द्यायला येतात. ऐंशी पार केलेल्यांना ऑक्टोबरपासूनच मुभा आहे, पण तात्यांना ती सवलत वाटत नाही, हिणवणं वाटतं. २०१४ पासून हा दाखला अंगठ्याच्या ठशावरही देता येतो. तात्यांचा अंगठा यंत्राला कधीच ओळखता आला नाही. जन्मभर रापण ओढून बोटांवरच्या रेषा दोरखंडानं नेल्या. यंत्र लाल दिवा लावतं आणि तात्या समोर उभे असूनही नाहीत असं जाहीर करतं. मग मी जुन्या पद्धतीचा कागद काढतो, तात्या सही करतात आणि पुढच्या नोव्हेंबरपर्यंत जिवंत राहायला मोकळे होतात.

शिवाय या जगण्याला सरकारनं व्याजही लावलं आहे. ऐंशीला मूळ पेन्शनवर वीस टक्के जादा, पंच्याऐंशीला तीस, नव्वदला चाळीस, पंच्याण्णवला पन्नास आणि शंभराला पूर्ण शंभर टक्के. इतका चढता दर आमच्या बँकेच्या कुठल्याही ठेवीला नाही. अडचण एवढीच, की मुदत पुरी करणं खातेदाराच्या हातात नसतं.

२०२३ च्या नोव्हेंबरात सही करून झाल्यावर तात्या नेहमीसारखे वळले नाहीत. काउंटरवर कोपर टेकून त्यांनी हळूच विचारलं, "बाबू, चुकीचां लिवलेलां दुरुस्त करूक काय लागता रे?"

"अर्ज लागतो," मी सवयीनं म्हणालो.

"मगे लिव अर्ज."

मला वाटलं, पासबुकातलं काही असेल. रविवारी देवबागला गेलो तेव्हा तात्यांनी पडवीत एक पत्र्याची ट्रंक ओढून आणली. तिच्यातून खाकी रंगाचं एक पुस्तक काढलं, त्याच्यातून एक घडी घातलेला कागद काढला, आणि दोन्ही माझ्यापुढं ठेवली. पुस्तक रिझर्व्हचं होतं. एका पानावर लाल शाईत इंग्रजी ओळ होती. तिचा अर्थ : 'बोलावणं जाऊनही अकरा दिवस विनापरवाना गैरहजर. सप्टेंबर १९६५.'

दुसरा कागद म्हणजे तार. ज्यांनी तार पाहिली नाही अशी माणसं आता मतदान करू लागली आहेत. २०१३ च्या जुलैत आपल्याकडची तारसेवा बंद झाली. त्या तारेत पलटणीत ताबडतोब हजर व्हावं असा हुकूम होता, तारीख १० सप्टेंबरची होती, आणि कागदावर शिक्का होता देवगडचा.

आता देवगड आणि देवबाग यांचा संबंध काय? दोन्ही गावं आज सिंधुदुर्ग जिल्ह्यात आहेत, दोन्हीकडे देव आहे, आणि संबंध संपला. देवगड म्हणजे हापूस, किल्ला आणि बंदर; आमच्यापासून चांगलं पन्नासेक किलोमीटरवर, मध्ये खाड्या. पण जुन्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये दोन्ही नावं सहा सहा अक्षरांची. चौथ्या जागी 'बी'चा 'जी' झाला आणि शेवटच्या 'जी'चा 'डी' झाला, की देवबागचा माणूस देवगडला जाऊन पडतो. १९५७ साली भरतीच्या टेबलाशी बसलेल्या कुणा कारकुनानं ती दोन अक्षरं तशी लिहिली. दुपारची वेळ असेल. जेवण झालं असेल. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच लिहिलं असतं, आणि हाताखाली टीपकागद फिरवून 'नेक्स्ट' म्हटलं असतं.

"तुझ्यासारखोच कोणतरी असतलो," तात्या म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळं ते जास्त लागलं.

सप्टेंबर १९६५. सहा तारखेला आपलं सैन्य लाहोरच्या आघाडीवर सरहद्द ओलांडून गेलं. वाडीत रेडिओ एक. तात्या रोज संध्याकाळी त्याच्यापुढं बसत आणि बोलावणं का येत नाही म्हणून अस्वस्थ होत. बोलावणं देवगडात फिरत होतं. त्या आडनावाची चार घरं तिथं निघाली आणि तार चारही घरांना जाऊन आली. तार म्हणजे वाईट बातमी असा तेव्हाचा दंडक. त्यामुळं एका घरात तर ती उघडण्याआधीच रडणं सुरू झालं. शेवटी तिथल्या कुणा शहाण्या पोस्टमनानं डोकं चालवलं आणि पेन्सिलीनं कोपऱ्यात लिहिलं : 'मालवण देवबाग पाहावे.' तार तात्यांच्या हातात अठरा तारखेला आली. पावसाळ्यामुळं बोटी बंद. तात्या त्याच रात्री चालत मालवणला आले, मिळेल त्या एस.टी.नं घाट चढले, पुढं रेल्वे, आणि एकवीस तारखेला पलटणीच्या फाटकात उभे राहिले. तेवीस तारखेला युद्धबंदी झाली.

फाटकावरच्या माणसानं तारीख पाहिली, एकवीसातून दहा वजा केले, आणि अकरा दिवस तात्यांच्या नावे टाकले. त्यानं हिशेब बरोबर केला. हिशेब नेहमीच बरोबर असतो.

"तात्या, पण याच्यामुळं पेन्शन कमी झाली का?" मी विचारलं.

"नाय."

"काही दंड? शिक्षा?"

"साहेबान तार बघल्यान आणि हसलो. म्हणालो, जा, कामाक लाग. पण लिवलेलां तसांच ऱ्हवलां."

"मग साठ वर्षांनी दुरुस्ती कशाला?"

बी.कॉम. झालेल्या माणसाचा हा प्रश्न स्वाभाविक होता. ज्या चुकीनं पैशात फरक पडत नाही तिला आम्ही चूक मानत नाही. तिला आम्ही 'किरकोळ तफावत' म्हणतो आणि वर्षअखेरीला निर्लेखित करतो. तात्या काही बोलले नाहीत. उत्तर काकीनं दिलं. ती आतून चहा घेऊन आली होती.

"पलीकडचो तेंचो सोबती होतो," ती म्हणाली. "भोगव्याचो. तेका तार येळार मेळली."

एवढंच बोलून ती आत गेली. नंतर कळलं ते असं : भोगवे म्हणजे कर्लीच्या मुखापलीकडचं गाव. तिथला एक जण आणि तात्या एकाच दिवशी भरती झाले, एकाच बराकीत राहिले, एकाच महिन्यात रिझर्व्हमध्ये आले. त्याच्या गावाच्या नावाशी जुळणारं दुसरं गाव कारकुनाला आठवलं नसावं. तो वेळेवर हजर झाला, पहिल्या तुकडीबरोबर पुढं गेला, आणि परत आला नाही. तात्या घरी आल्यावर त्याच्या आईला भेटायला गेले. तिनं विचारलं, "तू खंय होतंस रे बाबा?"

"काय सांगतलंय तेका?" तात्या ट्रंकेकडे बघत म्हणाले. "तार देवगडाक गेली म्हणान मी जिवंत आसंय?"

मी चहा संपवला आणि अर्ज लिहायला घेतला.

आता माझ्यातला कारकून असा, की एका अर्जासाठी फाइल उघडायची तर ती रिकामी का ठेवा? मी तात्यांचे सगळे कागद तपासले आणि मला आणखी एक खजिना सापडला. फौजेच्या कागदांत काकीचं नाव 'द्वारका' होतं. आधार कार्डावर, रेशन कार्डावर आणि आमच्या बँकेत ती 'सुनंदा' आहे. लग्नात नाव बदलण्याची आपली रीत. तात्यांनी लग्न ठरल्यावर उत्साहाच्या भरात आधीच माहेरचं नाव कळवून टाकलं होतं. आजवर काही बिघडलं नव्हतं. पण तात्यांच्या माघारी ज्या बाईला कुटुंब निवृत्तिवेतन मिळायचं, ती बाई कागदोपत्री त्यांच्या घरात राहतच नव्हती. अशा द्वारका मी काउंटरवर पाहिल्या आहेत. पदराच्या गाठीत कागद बांधून येतात, मी 'नाव जुळत नाही' म्हणतो, आणि त्या 'बरां' म्हणून परत जातात. आमच्या काकीला तसं परत पाठवणारा कारकून कोण असेल, याचा विचार करता माझ्या डोळ्यांपुढं माझाच चेहरा आला.

म्हणजे दुरुस्त्या तीन : गाव, बायको आणि अकरा दिवस. (तात्यांची जन्मतारीख १ जून आहे. ती मी सोडून दिली. आपल्याकडे एका पिढीतली निम्मी माणसं शाळामास्तरांच्या कृपेनं १ जूनला जन्मली आहेत. ती तारीख दुरुस्त करायची तर महाराष्ट्र दुरुस्त करावा लागेल.)

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेलो. तिथल्या गृहस्थांनी बसवून घेतलं, कोणकोणते कागद लागतील ते एका कागदावर लिहून दिलं, आणि 'धीर धरा' असं त्या यादीत नसलेलं शेवटचं कलम तोंडी सांगितलं. द्वारका आणि सुनंदा एकच, असं प्रतिज्ञापत्र हवं. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस हवी. लग्नाचा पुरावा हवा. पेन्शनचा हुकूम, फौजेतून सुटल्याचं पुस्तक, फोटो, सगळ्याच्या साक्षांकित प्रती हव्यात.

प्रतिज्ञापत्र करायला काकीला मालवणला आणलं. टंकलेखकानं सराईतपणे मजकूर ठोकला आणि माझ्यापुढं वाचायला धरला. पहिलीच ओळ : 'मी, राहणार देवगड...' मी ओरडलो. तो म्हणाला, "सॉरी, सकाळपासून देवगडचेच चार झाले." तेव्हा मला १९५७ सालचा तो कारकून प्रत्यक्ष भेटल्यासारखा वाटला. त्याला शिव्या देण्याची माझी इच्छाच गेली.

वर्तमानपत्रातल्या नोटिशीला काकीनं जोरदार हरकत घेतली. "लगीन झालां तेव्हा सगळ्या गावासमोर नाव बदलल्यानी. आता परत पेपरात कित्याक? लोक म्हणतले, म्हातारीन दुसरां लगीन केल्यान!" अखेर नोटीस आली. तात्यांनी ती कापून ट्रंकेत ठेवली आणि दोन दिवस काकीला मुद्दाम द्वारका म्हणून हाक मारली. ती ओ देत नव्हती, पण आत जाऊन हसत होती.

लग्नाचा पुरावा म्हणजे लग्नपत्रिका. ती कोण ठेवतं? काकीच्या माहेरी एका पितळी डब्यात सापडली. साठ वर्षं डब्यात हळदीबरोबर राहिल्यामुळं तिच्यावरचा मजकूर कमी आणि मंगलकार्य जास्त दिसत होतं.

राहिला अर्ज. बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला पत्र लिहिता येतं, असा समाजाचा गैरसमज आहे. आम्हांला फक्त उत्तर लिहिता येतं, आणि तेही नकाराचं. मी इंग्रजीत पाच मसुदे केले. प्रत्येकात 'सविनय' होतं, 'उपरोक्त संदर्भ' होता, 'सहानुभूतिपूर्वक विचार' होता. वाचून दाखवले की तात्या डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, "छान आसा. पण ह्यात मी खंय असंय?" शेवटी मी विचारलं, "तुम्हांला नेमकं काय लिहायचंय?" तात्या उठून उभे राहिले. बोलताना त्यांचे हात आपोआप शिवणीला लागले.

"लिव : तार अठराक मेळली. मी अठराकच निघालंय. पळपुटो नाय मी."

मी तीन वाक्यांचं इंग्रजी केलं. पाच मसुद्यांतला एकही शब्द त्यात लागला नाही. तारेची साक्षांकित प्रत जोडली, देवगडचा शिक्का आणि पोस्टमनची पेन्सिल नीट दिसेल अशी. मूळ तार मात्र तात्यांनी हातातून सोडली नाही. 'मूळ प्रत आणा' असं आजवर दुसऱ्यांना सांगणारा मी, या वेळी मूळ प्रत देऊ नका असं स्वतः म्हणालो.

अर्ज गेला. आम्ही वाट पाहू लागलो. एक महिना गेला, दोन गेले, चार गेले. स्मरणपत्र पाठवलं. पाऊस आला, समुद्रानं आपला वार्षिक हप्ता वसूल केला, पाऊस गेला. तात्यांनी एकदाही विचारलं नाही. फक्त दुपारी दीडच्या सुमाराला, पोस्टमन येतो त्या वेळी, ते खळ्यात काहीतरी काम काढून उभे असत. खळं त्या वर्षी इतकं स्वच्छ होतं, की काकीनं ही दुरुस्ती अशीच चालू राहावी अशी इच्छा बोलून दाखवली.

मग एके दिवशी पाकीट आलं. त्यावर पत्ता होता देवगडचा.

वाचकहो, यात कुणाचाही दोष नाही. पत्ता चुकला आहे असं कळवणाऱ्या माणसाला उत्तर पाठवायचं, तर ते नोंदीत असलेल्या पत्त्यावरच पाठवायला हवं. चुकीचा पत्ता दुरुस्त होईपर्यंत तोच बरोबर असतो. मी त्या कचेरीत असतो तर शपथेवर सांगतो, हेच केलं असतं. पाकिटाच्या कोपऱ्यात निळ्या बॉलपेननं कुणीतरी लिहिलं होतं : 'मालवण देवबाग पाहावे.'

तात्यांनी ते पाकीट तारेशेजारी धरलं. पेन्सिल आणि बॉलपेन, मध्ये साठ वर्षं. नंतर ते इतके हसले, की काकी पाणी घेऊन धावली. "तेचो नातू असतलो!" ते म्हणत होते.

आत मजकूर फक्त एवढाच होता, की पेन्शनच्या हुकुमाची आणखी एक प्रत पाठवावी. ती पाठवली. पुन्हा वाट. पुन्हा खळं स्वच्छ. अखेर २०२५ मध्ये दुसरं पाकीट आलं. मी त्या दिवशी रजा टाकून देवबागला गेलो. बँकेच्या रजेच्या अर्जात कारण लिहिलं : 'घरगुती कार्य'.

पत्र इंग्रजीत होतं. मी मराठीत वाचून दाखवलं. एक : पत्नीचं नाव दुरुस्त केलं आहे. द्वारका आणि सुनंदा या एकच असल्याची नोंद घेतली आहे. दोन : गावाच्या नावात 'देवगड' ऐवजी 'देवबाग' असं वाचावं. तीन : १९६५ सालची मूळ नोंद त्या वेळची असल्यामुळं खोडता येत नाही.

इथं मी थांबलो. तात्या खांबाला टेकून उभे होते. त्यांनी मान हलवली. बँकेतही आम्ही खोडत नाही; चुकीची नोंद तशीच ठेवतो आणि खाली उलटी नोंद टाकतो. हे मी सांगणार, तेवढ्यात पुढचं वाक्य दिसलं. 'तथापि, हजर होण्याची तार पत्त्यातील चुकीमुळे १८ सप्टेंबर रोजी मिळाली व सदर जवान त्याच दिवशी निघाला, अशी टीप मूळ नोंदीखाली घातली आहे. तारेची प्रत कागदपत्रांत ठेवली आहे.'

"परत वाच," तात्या म्हणाले. मी वाचलं. "त्याच दिवशी निघाला, असां लिवलेलां आसा?" "लिहिलंय." "परत वाच."

तीनदा वाचून झाल्यावर तात्यांनी पत्र घडी करून खिशात घातलं, डोक्यावर टोपी ठेवली आणि शेजारच्या मुलाला होडी काढायला सांगितलं. तो मुलगा पर्यटकांना डॉल्फिन दाखवतो. त्याला वाटलं, म्हाताऱ्याला डॉल्फिन बघायचेत. आम्ही संगमाच्या बाजूनं पलीकडे निघालो. भोगवे देवबागेच्या टोकावरून रोज दिसतं. होडीनं पाव तास. तात्या साठ वर्षांत तिथं गेले नव्हते.

त्या सोबत्याची आई केव्हाच गेली. धाकटा भाऊ आहे, तोही पंचाहत्तरीचा. त्यानं तात्यांना ओसरीवर बसवलं. तात्यांनी पत्र काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते उलटंसुलटं पाहिलं, वाचलं नाही, आणि परत दिलं.

"तात्यानू, आमका म्हायत होतां," तो म्हणाला. "तार देवगडाक गेलेली, ह्यां आख्ख्या गावाक म्हायत होतां. आवशीन इचारल्यान तां रागान नाय. एक झिल येवक नाय, दुसरो इलो, म्हणान इचारल्यान."

तात्या काही बोलले नाहीत. पत्र मात्र दोनदा घडी करूनही त्यांना खिशात नीट जाईना. शेवटी ते मी माझ्या खिशात ठेवलं. परत येताना डॉल्फिन दिसले. मुलानं होडी थांबवली आणि सवयीनं म्हणाला, "फोटो काढा."

संध्याकाळी पडवीत बसून मी ते पाकीट पुन्हा पाहिलं आणि माझ्यातला कारकून दचकून जागा झाला. पाकिटावर पत्ता होता : मुक्काम पोस्ट देवबाग, तालुका देवगड. गाव दुरुस्त झालं होतं. तालुका राहिला होता. पाकीट यंदाही देवगडला जाऊनच आलं होतं. कोपऱ्यात तेच निळं बॉलपेन.

मी उसळून म्हणालो, "तात्या, याच्यासाठी पुन्हा अर्ज करायला हवा! उद्याच मसुदा करतो."

"नको रे," तात्या म्हणाले. "ऱ्हवांदे तसांच. थयल्या पोस्टमनाची आता सवय झाली. तेका चुकल्यासारख्यां वाटात."

काकी मात्र आतून म्हणाली, "अर्ज करा. खळां झाडूक कोण येतलो?"